पाहिली नाही, ऐकली

१

खडूच्या भिंतीला भिंतच मानायचं, हा बाईंच्या घरातला पहिला नियम. दुसरा नियम असा, की पहिल्या नियमाला हसायचं नाही.

ससुली पहिल्या दिवशी हसली नव्हती, दचकली होती. पण तिच्या दचकण्याला तसा काही अर्थ नसायचा. दाराची बेल वाजली तरी ती दचकायची, पुस्तक हातातून पडलं तरी दचकायची, आणि कुणी अगदी हळू हाक मारली तर सगळ्यात जास्त. सशावरून हे नाव पडलं ते उगीच नाही. कॉलेजपासून ती आत्याकडे राहत होती आणि आत्या अजूनही तिला धापा टाकत घरात शिरताना बघितलं की विचारायची, "काय गं, पाठीवर पान पडलं का?"

बाई ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या. वय सत्तरच्या पुढे, कादंबऱ्या सहा, आणि सहाही अशा बायकांवर, ज्यांच्यावर इतिहासाने एका ओळीहून जास्त शाई खर्च केली नव्हती. डोळे अधू झाल्यापासून त्या सांगायच्या आणि लेखनिक लिहून घ्यायची. सांगितलेलं वाक्य त्या पुन्हा सांगत नसत. "कान कुठे ठेवून आलीस?" एवढंच म्हणत आणि पुढच्या वाक्याला लागत. ससुली त्यांची दुसरी लेखनिक. पहिलीचं नाव निघायचं नाही. निघालंच तर 'आधीची' असं.

घर पहिल्या मजल्यावर. एक लांबच लांब हॉल, तिथे पूर्वी शिवणकामाचा वर्ग चालायचा, आणि मागे दोन छोट्या खोल्या. हॉलमध्ये सामान जवळजवळ नाहीच. लाल कोब्याच्या जमिनीवर पांढऱ्या खडूने एक अख्खं घर काढलेलं, खऱ्या मापाचं.

"पात्रं भिंतीतून चालतात," बाई म्हणायच्या. "सगळ्यांच्या कादंबऱ्यांत. लेखक बसलेला टेबलाशी, त्याला काय कळणार? चुलीपासून दारापर्यंत नऊ पावलं असतात आणि याची नायिका एका स्वल्पविरामात पोचते! जुनं घर पायांनी लिहायचं असतं."

म्हणून ज्या बाईवर कादंबरी, तिचं घर आधी जमिनीवर. भिंत म्हणजे रेघ. दार म्हणजे रेघेतली दोन फुटांची मोकळी जागा. कडी आतून असेल तर दारापाशी आतल्या बाजूला एक छोटी तिरपी खूण, बाहेरून असेल तर बाहेरच्या बाजूला. "घर कुणाचं ते कडी सांगते," हेही बाईंचंच. चालून चालून रेघा पुसट व्हायच्या, म्हणून दर सोमवारी ससुली सगळं घर नव्याने काढायची. त्याच दिवशी छापखान्यातले काका आठवड्याची पानं न्यायला यायचे.

हे सारं धाब्यावर बसवणारं माणूस एकच: झाडलोट करणारी मावशी. ती हातात बादली घेऊन चार भिंती ओलांडून सरळ जायची.

"अहो मावशी, भिंत!"

"मी भूत आहे गं," मावशी म्हणायची. "भुतांना दार लागत नाही. पाय उचल."

दाराबाहेर चपलांची मांडणी होती. मावशीच्या झिजलेल्या, बाईंच्या रुंद, आणि कोपऱ्यात निळ्या पट्ट्यांचा एक छोटा जोड. त्याच्यावर धूळ असायची. ससुलीने त्याच्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या चपला कोण मोजतं?

२

सातवी कादंबरी एका घड्याळजीच्या बायकोवर होती. दोनशे वर्षांपूर्वी गावातल्या घरांची मोजणी झाली होती, त्या दप्तरात मोजणी कारकुनाने लिहून ठेवलेलं एक पान. त्यात घड्याळजीचं घर, लांबी-रुंदी, दारं, कड्या, आणि शेवटी एक ओळ:

'घरात खोल्या चार. बायको घरीच. पाहिली नाही, ऐकली.'

बस. बाईंच्या सातव्या कादंबरीचं मूळ एवढंच. एवढ्याशा ओळीवर त्यांनी दोनशे ऐंशी पानं उभी केली होती आणि आता एकच प्रकरण उरलं होतं.

त्या सोमवारी ससुली रेघा ओढत होती. बाई स्टुलावर बसून होत्या, मान जराशी तिरकी, कुणी काही सांगत असल्यासारखी.

"बाहेरून लांबी किती आहे गं?"

"एकतीस फूट."

"आणि आतल्या खोल्या, भिंतींची जाडी, सगळं मिळून?"

ससुलीने बेरीज केली. पुन्हा केली. "सव्वीस."

"मग पाच फूट कुठे गेले?"

मागच्या भिंतीपलीकडे पाच फूट शिल्लक होते. इतके आठवडे ती जागा तिला अंगण वाटत होती. पण अंगण बाहेरच्या मापात कसं धरतील? ससुलीच्या हातातला खडू थांबला.

"पाचवी खोली," बाई म्हणाल्या. आवाजात आनंद होता, पण आश्चर्य नव्हतं. हे ससुलीला नंतर आठवलं. "काढ. पाच फूट बाय नऊ."

"दार कुठे काढू? कागदात दार नाहीये."

"कागदात नाही ते जमिनीवर नाही" हा खरं तर तिसरा नियम. पण त्या दिवशी बाई चटकन म्हणाल्या, "जागा सोड. दोन फूट सोड. दार सोडल्याशिवाय ती खोली काढायची नाही, समजलं?"

मग चहा झाला आणि बाईंनी आपलं म्हणणं सांगितलं. शेवटचं प्रकरण त्या खोलीतून आहे. ससुलीने आत बसायचं आणि आत बसूनच लिहून घ्यायचं, प्रकरण संपेपर्यंत उठायचं नाही. त्याबदल्यात मुखपृष्ठावर दोघींचं नाव.

"दोघींचं?" ससुलीच्या कपातला चहा बशीत आला.

"माझ्या नावाखाली तुझं. त्याच टायपात. पुढच्या सोमवारी बसू."

मुखपृष्ठावर नाव! कॉलेजात असल्यापासून तिच्या वहीत तीन कादंबऱ्यांच्या सुरुवाती पडून होत्या. सुरुवातीच्या पुढे जायचं धैर्य एकीलाही झालं नव्हतं. ती हो म्हणाली. पायऱ्या उतरताना मात्र तिला वाटलं, आपण 'हो' म्हणायच्या आधीच बाईंनी मान डोलावली होती.

३

मंगळवारी मावशी बादली घेऊन आली. समोरच्या खोलीची भिंत ओलांडली, चुलीवरून गेली, घड्याळजीच्या कामाच्या मेजातून आरपार गेली. आणि पाचव्या खोलीपाशी आल्यावर वळली. चांगला पाच फुटांचा वळसा घालून, हॉलच्या खऱ्या भिंतीला अंग घासत पलीकडे गेली.

ससुली बघतच राहिली. "मावशी, वळसा का घातलात?"

"कुठे?"

"आत्ता. तिथे."

मावशीने मागे वळून पाहिलं. "ओलं होतं," ती म्हणाली.

ओलं नव्हतं. ससुलीने हात लावून पाहिलं. कोरडा, थंड कोबा.

आता थंड तर कोबा असतोच, असं तिने स्वतःला समजावलं. बाई खिडकीशी बसून सांगत होत्या. सांगता सांगता एक पान उडालं आणि पाचव्या खोलीत जाऊन पडलं. ससुली नियमाने दारातून आत गेली, वाकली, आणि त्या तेवढ्या क्षणात बाईंचा आवाज लांब गेला. शेजाऱ्यांच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसा. शब्द नाहीत, नुसता चढउतार. ती दारातून बाहेर आली आणि आवाज जागच्या जागी.

वाकलं की कानांत दडे बसतात. सर्दी असली तर जास्तच. तिला सर्दी नव्हती, पण होणार असेल.

मग तिला ती खूण दिसली. सोडलेल्या दाराशी एक छोटी तिरपी रेघ. कडी. बाहेरच्या बाजूला.

तिने तिथे खूण केली नव्हती. कागदात दारच नाही तर कडी कुठली? खाली बसून तिने नीट पाहिलं. खुणेचं शेपूट डावीकडे वळलेलं. ससुली खुणा तशाच करायची. तिला सरळ रेघ टोकापर्यंत जमायची नाही.

"बाई, पाचव्या खोलीला कडी कुणी लावली?"

बाई बोलायच्या थांबल्या. "मला स्वतःची बोटं धड दिसत नाहीत, मी काय खुणा करणार?"

खरं होतं ते. पण बाई उठल्या, स्वयंपाकघराकडे निघाल्या, आणि न दिसणाऱ्या त्या चारही दारांतून एका रेघेला पाय न लावता गेल्या. ससुली ते रोज बघायची. आज पहिल्यांदा तिने ते पाहिलं.

४

"कडी खडूची आणि घाबरलीस खरी?" आत्या जेवताना म्हणाली. "तुझं म्हणजे, चित्रातला वाघ बघून दार लावायचं!"

"घाबरले नाही. विचारतेय फक्त. खूण कोणी केली असेल?"

"तू. दुसरं कोण! चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस, ते कोण करतं?" आत्याने तिच्या ताटात वाढलं. "हे बघ, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नसेल तर सोड काम. आणि असेल तर नाव पदरात पाडून घे आणि मग सोड. पण अर्ध्यात उठून येऊ नकोस. तुझं सगळं अर्ध्यात असतं."

हे वर्मी लागलं. 

गुरुवारी बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. ससुलीला जुन्या प्रकरणाची एक प्रत हवी होती, म्हणून तिने मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात कापडात बांधलेली पानं. आधीचीचं अक्षर. बारीक, सुरेख, ओळीला चिकटून. सातव्या कादंबरीचाच जुना खर्डा. वर तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची.

शेवटच्या पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं: 'प्रकरण शेवटचं. पाचवी खोली.'

ससुलीने खुर्ची ओढली आणि बसली. म्हणजे पाच फूट परवा सापडले नव्हते. दोन वर्षांपूर्वीच सापडले होते. मग परवाची बेरीज, तो "कुठे गेले?" हे सगळं नाटक कुणासाठी?

खाली पाच-सहा ओळी मजकूर. घड्याळजीची बायको बाहेर कुणी मोजतंय ते ऐकते आहे. मग वाक्य मध्येच तुटलेलं. त्यानंतर त्याच सुरेख अक्षरात:

'ऐकू येत नाही. मोठ्याने सांगा.'

पुढच्या ओळीवर पुन्हा: 'मोठ्याने सांगा.' पुन्हा. पुन्हा. पानाच्या शेवटापर्यंत. अक्षर कुठेही बिघडलेलं नव्हतं. एखाद्या हुशार विद्यार्थिनीने शिक्षा म्हणून लिहून काढावं तसं, समासही सोडलेला.

पान उलटं करायचा धीर तिला झाला नाही. खाली दाराशी बाईंची काठी वाजली तेव्हा ती इतकी दचकली, की कपाटाच्या दाराने बोट चेमटलं.

५

"आधीची काम सोडून का गेली?" ससुलीने शुक्रवारी विचारलं. रात्रभर घोकून ठेवलेला प्रश्न होता. तरी तोंडातून निघाला तो चिरका.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे तिच्या थोडं उजवीकडे. "कपाट उघडलंस तर."

"चपला कुणाच्या आहेत? निळ्या पट्ट्यांच्या?"

"तुला काय वाटतं?"

"चपला टाकून कुणी घरी जातं का बाई?"

"रागात जातात."  रस्त्यावर कुणीतरी लोखंडी जाळी ओढत उघडली. "मी तिला सांगितलं, कागदात दार नाही, तर काढू नकोस. तिने आपल्याभोवती रेघ काढली. मी सांगायला लागले. माझी पाठ होती तिच्याकडे. अर्ध्या वाक्यात वाटलं, लेखणीचा आवाज थांबला. वळले तर नव्हती. पानं तेवढी पडलेली."

"घरच्यांनी विचारलं नाही?"

"तिला होतं कोण! एक भाऊ आला होता. त्याला म्हटलं, गेली. खोटं नव्हतं ते."

"आणि तुम्ही ती रेघ पुसली?"

"पुसली तर खोली जाईल," बाई म्हणाल्या. "खोलीत जे आहे ते कुठे जाईल? तेवढी रेघ सोडून बाकीचं घर पुसलं. ती आपोआप झिजली. त्याला दीड वर्ष लागलं. मी रोज तिच्यापाशी बसायचे. काही ऐकू येईना. मला म्हातारीला काय ऐकू येणार? पण तुझे कान तिखट आहेत. पान पडलं तरी तुला कळतं."

तर हे होतं! तिचं अक्षर, तिचं वाचन, तिच्या तीन सुरुवाती, काही नाही. कान.

की हेही नाटक? ससुलीच्या मनात संशयाने एकदा घर केलं की तो भाडेकरूसारखा. उठवता उठत नाही. आधीची कंटाळून गेली असेल, बाईंनी पोरीला धाकात ठेवायला गोष्ट रचली असेल. गोष्टी रचणं हाच तर त्यांचा धंदा. ते पानसुद्धा बाईंनीच सांगून लिहवून घेतलं असेल. 'लिही, मोठ्याने सांगा.' लेखनिक काय, सांगितलं ते लिहिते. खूणही त्यांनीच केली असेल. डोळे अधू आहेत हे तरी कुणी पाहिलंय?

"मी आत बसणार नाही," ती म्हणाली.

"मग नाव नाही."

"थांबा. ऐका." भीतीने तिचं डोकं नेहमी जरा जास्त चालायचं. "कागदात काय आहे? पाहिली नाही, ऐकली. ऐकली कुणी? कारकुनाने. तो बाहेर उभा होता. म्हणजे लिहिणारा बाहेर हवा. आत बसायचं ते सांगणारीने."

बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. कादंबरीतली गाठ सुटली की यायचं तसं. "हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "बसते मी. मलाही तिला एक वाक्य पुरं करून द्यायचं राहिलंय."

ससुलीने वही मिटली.

६

सोमवारी सकाळी ऊन चांगलं होतं. हॉलमधल्या सगळ्या खिडक्या उघड्या. असल्या उन्हात माणसाला आपल्या भीतीची लाज वाटते. ससुलीने जुन्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या आणि मोजणीचं पान समोर ठेवून घर काढायला घेतलं. समोरची खोली. चूल. मेज. बाई स्टूल घेऊन आधीच मागच्या जागेत जाऊन बसल्या होत्या.

"गुडघे दुखतात. मला बसू दे, तू माझ्याभोवती काढ. आणि लिहून घे बरोबरच. डोक्यात आलंय तोवर सांगते."

ससुलीने डाव्या हातात वही धरली, कानावर लेखणी. गुडघ्यांवर सरकत ती रेघ ओढत होती, थांबून दोन ओळी लिहीत होती, पुन्हा रेघ. बाई सांगत होत्या:

"आज घरात कुणीतरी परकं आलं आहे. मोजणीची साखळी जमिनीवर घासते आहे. तो आकडे मोठ्याने म्हणतो. माझा नवरा त्याला सांगतो, एवढंच घर आहे…"

मागची भिंत झाली. डावी झाली. उजवी झाली. आता समोरची, जिच्यात दोन फूट सोडायचे. ससुलीने पानाकडे पाहिलं. पानात दार नव्हतं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, हात मांडीवर, अगदी सुखात. सोंग घेतलेलं माणूस इतकं सुखात दिसतं का? की सोंग असतं म्हणूनच दिसतं?

ओलांडून बघू दे त्यांना, असं तिच्या मनात आलं. रेघ पुरी केली आणि बाई उठून सरळ ओलांडून आल्या, की सगळं खोटं ठरलं. मग हसता येईल. मग आत्याला सांगता येईल.

हे तिच्या मनात आलं एवढं खरं. हाताने ते ऐकून केलं, की हात नेहमीप्रमाणे कागदात होतं तसं ओढत गेला, हे तिला त्यानंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

"…मी ओरडणार नाही. मी फक्त म्हणणार आहे, की मी इथे—"

रेघेला रेघ मिळाली.

डब्याला झाकण बसावं तसा आवाज थांबला. बाईंचे ओठ हलत होते. त्यांनी डोळे उघडले. हात पुढे केला आणि तो हात हवेत एका जागी थांबला, पाचही बोटं पसरून, पंजा सपाट, पांढरा. काचेच्या पलीकडून टेकवलेल्या हातासारखा. बाई तिच्या थोडं उजवीकडे नाही, सरळ तिच्याकडे बघत होत्या.

दाराची बेल वाजली.

ससुली दचकली. जन्मभर जशी दचकत आली तशीच. अख्खं अंग वळलं, वही-लेखणी उडाली. एक क्षण. ती पुन्हा वळली तेव्हा चार पांढऱ्या रेघांच्या मध्ये एक स्टूल होतं.

तिचा पाय रेघेवर गेला. चवड्याने नुसतं घासायचं होतं. खडूच तो.

पुसली तर खोली जाईल. खोलीत जे आहे ते कुठे जाईल?

तिने पाय उचलून घेतला.

७

बेल पुन्हा वाजली. दार उघडलं तर छापखान्यातले काका; कपाळावरचा घाम पुसत, एका हातात पिशवी.

"केवढा जिना चढायला लावता हो! झालं का प्रकरण? बाई आहेत ना?"

"घरीच आहेत," ससुली म्हणाली.

काकांनी तिच्या खांद्यावरून हॉलमध्ये नजर टाकली. "दिसत नाहीत त्या."

 आत, खूप खालून यावा तसा, शब्द नसलेला एक आवाज चढत होता, उतरत होता. तिला तो दार उघडायच्या आधीपासून ऐकू येत होता. आपल्यालाच येतोय, कान तिखट आहेत ना, असं ती धरून चालली होती. काकांनी मान तिरकी केली.

"अच्छा, सांगताहेत वाटतं." त्यांनी आवाज खाली आणला. लिहित्या माणसाला त्रास नको म्हणून आणतात तसा. "मुखपृष्ठाचं विचारायचं होतं. बाई म्हणाल्या होत्या, दोन नावं टाका. त्यांच्याखाली दुसरं." खिशातून चिठ्ठी काढता काढता ते मध्येच थांबले. तिच्याकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग पुन्हा आत.

"पण तुम्ही तर इथे उभ्या," ते म्हणाले. "मग लिहून कोण घेतंय?"

मांडणीत, त्यांच्या पायांशेजारी, निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. मागे वळून न बघताही ससुलीला ठाऊक होतं, की नव्या रेघेवर, बाहेरच्या बाजूला, एक छोटी तिरपी खूण असणार आहे आणि तिचं शेपूट डावीकडे वळलेलं असणार आहे.

आतला आवाज थांबला. त्या शांततेत दुसरा एक आवाज आला. बारीक, नम्र, ओळीला चिकटून.

"ऐकू येत नाही. मोठ्याने सांगा."

आणि बाईंनी, ज्यांनी सांगितलेलं वाक्य कधी कुणाला पुन्हा सांगितलं नव्हतं, ते वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.